गाडीमागचा लंबगोल: देशचिन्हांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर आणि केए-२२ म्हणजे बेळगाव, हे इथल्या शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. कोगनोळी नाक्यावर पाच मिनिटं उभं राहिलं की निम्म्या महाराष्ट्राचे आणि कर्नाटकाचे नंबर ओळखता येतात. पण एखाद्या गाडीच्या डिकीवर पांढऱ्या लंबगोलात काळं 'डी' किंवा 'सीएच' दिसलं की विचारणा सुरू होते. गाडी घेऊन परदेशी निघालेले, जुन्या गाड्या जपणारे आणि नुसतं कुतूहल असलेले, अशा सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत. इंग्रजी अक्षरं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

१. गाडीमागच्या पांढऱ्या लंबगोलातली अक्षरं नेमकं काय सांगतात?

गाडीची नोंदणी कोणत्या देशात झाली आहे, एवढंच. नंबरप्लेटवरचा नंबर त्या देशापुरता असतो. तोच नंबर दुसऱ्या एखाद्या देशातही असू शकतो. परक्या मुलखात अपघात झाला, दंड झाला किंवा गाडी चोरीला गेली, तर पोलिसांना नंबर आणि देश असं दोन्ही लागतं. त्यातला देश हा लंबगोल सांगतो. गाडी कुठं बनली, मालक कुठला, चालवतंय कोण, यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. बहुतेक घोटाळे इथंच होतात, म्हणून प्रश्न ११ जरूर वाचा.

२. ही पद्धत कधी सुरू झाली?

११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिसमध्ये मोटारींच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा करार झाला, तिथून. युरोपात तेव्हा मोटारी सरहद्दी ओलांडू लागल्या होत्या आणि प्रत्येक देशाचे नियम वेगळे होते. त्या कराराने गाडीमागे देशाची अक्षरं लावणं ठरवलं. वळण, चौक, रेल्वे फाटक आणि रस्त्यातला उंचवटा या चार धोक्यांच्या पाट्याही त्यातच ठरल्या. आज घाटात वळणाची पाटी दिसते, तिचं मूळ तिथवर जातं.

१९०९ चा लंबगोल चांगला दणकट होता: ३० सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर उंच. अक्षरं किमान १० सेंटिमीटर उंच आणि त्यांची रेघ १५ मिलिमीटर जाड. अक्षर एक किंवा दोनच. २४ एप्रिल १९२६ च्या पॅरिस करारात तीन अक्षरांना मुभा मिळाली. १९ सप्टेंबर १९४९ च्या जिनिव्हा करारात आकार लहान झाला आणि ८ नोव्हेंबर १९६८ च्या व्हिएन्ना करारात तोच कायम राहिला. हल्लीची मापं प्रश्न ६ मध्ये आहेत.

३. भारताचं चिन्ह कोणतं? पूर्वी ते वेगळं होतं का?

आज आयएनडी. स्वातंत्र्यापूर्वी ब्रिटिश इंडियासाठी बीआय होतं. १९४७ पासून आपण आयएनडी आणि पाकिस्तान पीएके. भारत ९ मार्च १९६२ रोजी १९४९ च्या जिनिव्हा करारात सामील झाला. परदेशी गाडी चालवण्यासाठी आपलं आरटीओ जो आंतरराष्ट्रीय परवाना देतं, तो याच कराराच्या नमुन्याचा असतो.

४. इटलीला एक अक्षर पुरतं, मग आपल्याला तीन का?

जो आधी आला त्याने अक्षर घेतलं. १९०९ च्या यादीतच इटलीने आय, फ्रान्सने एफ, जर्मनीने डी, बेल्जियमने बी, स्वीडनने एस आणि ऑस्ट्रियाने ए घेऊन टाकलं. एकटं 'आय' आपल्या वाट्याला येणं शक्यच नव्हतं. एक अक्षर म्हणजे मोठा देश असा समज दिसतो, तो चुकीचा आहे. व्हॅटिकनला एकटं व्ही आहे आणि अमेरिकेला तीन अक्षरं. अमेरिका १९०९ मध्ये यूएस होती, पुढे १९५२ पासून यूएसए झाली.

५. सीएच म्हणजे चीन ना? आणि ई म्हणजे इंग्लंड?

दोन्ही नाहीत. सीएच म्हणजे स्वित्झर्लंड. त्या देशात चार अधिकृत भाषा आहेत, म्हणून त्यांनी 'कॉन्फोडेरात्सियो हेल्वेटिका' हे लॅटिन नाव घेतलं. ई म्हणजे स्पेन, कारण त्यांच्या भाषेत देशाचं नाव एस्पान्या. अक्षरं देश स्वतः निवडतो आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवतो. ती इंग्रजी नावावरून असावीत असं बंधन नाही. जर्मनीचं डी 'डॉइचलँड'वरून आलं आणि क्रोएशियाचं एचआर 'ह्रवात्स्का'वरून. दक्षिण आफ्रिकेचं झेडए हे 'झाउड आफ्रिका' या डच नावावरून. जॉर्डनचं एचकेजे म्हणजे तर पूर्ण इंग्रजी नावाचीच आद्याक्षरं: हॅशेमाइट किंगडम ऑफ जॉर्डन.

काही अक्षरांत जुना इतिहास तसाच गोठून राहिला आहे. श्रीलंकेचं चिन्ह आजही सीएल, म्हणजे सिलोन. देशाने नाव १९७२ मध्ये बदललं, चिन्ह बदललं नाही. केनियाचं ईएके म्हणजे ईस्ट आफ्रिका केनिया. शेजारच्या युगांडाचं ईएयू आणि टांझानियाचं ईएटी. इंग्रजी अमदानीतली ही भावकी गाडीच्या डिकीवर अजून एकत्र नांदते.

६. आज लंबगोलाची नेमकी मापं किती असावी लागतात?

१९४९ च्या कराराप्रमाणे, चारचाकीसाठी:

- लंबगोल आडवा, किमान २४० मिलिमीटर रुंद आणि १४५ मिलिमीटर उंच. ही मापं तीन अक्षरांसाठी. अक्षरं एक किंवा दोन असतील तर १७५ बाय ११५ चालतं.
- अक्षरं मोठ्या लॅटिन लिपीतली, उंची किमान ८० मिलिमीटर.
- अक्षराची रेघ किमान १० मिलिमीटर जाड.
- पांढऱ्यावर काळं. उलट नाही.

आपल्या चारचाकीच्या नंबरप्लेटवरची अक्षरं ६५ मिलिमीटर उंच असतात. म्हणजे देशाची अक्षरं नंबरापेक्षा मोठी. करार करणाऱ्यांच्या मते दुरून आधी काय वाचता यायला हवं, ते यावरून कळतं. बाजारात तयार मिळणारे तळहाताएवढे शोभेचे लंबगोल या मापात बसत नाहीत.

७. उद्यमनगरातल्या रेडियमवाल्याकडून करून घेता येईल का? त्याला काय सांगायचं?

येईल, आणि तेच बरं. तयार स्टिकरमध्ये आयएनडी सहसा चुकीच्या मापाचं असतं. रेडियमवाल्याला नुसतं 'आयएनडीचा लंबगोल दे' म्हणू नका, मापं लिहून द्या.

जमीन पांढऱ्या रेडियमची करा आणि अक्षरं साध्या, न चमकणाऱ्या काळ्या व्हिनाइलची. अक्षरंही चमकणारी घेतली तर रात्री मागच्या गाडीचा उजेड पडल्यावर सगळंच उजळतं आणि वाचता काही येत नाही. जमीन चमकती असायला व्हिएन्ना करारात स्पष्ट परवानगी आहे.

अक्षरांची मांडणी अशी: आय १२ मिलिमीटर रुंद, एन ५०, डी ५० आणि मधली दोन अंतरं प्रत्येकी १२. एकूण १३६ मिलिमीटर. लंबगोल वर-खाली निमुळता होत जातो, त्यामुळे ८० मिलिमीटर उंच अक्षरांच्या वरच्या कोपऱ्यांपाशी त्याची रुंदी २४० नव्हे, साधारण २०० मिलिमीटरच उरते. १३६ त्यात आरामात बसतात, दोन्ही बाजूंना बत्तीसेक मिलिमीटर पांढरं राहतं.

चूक होते ती मध्य काढताना. तीन अक्षरं म्हणजे मधलं एन मध्यावर, असं धरून कापतात. पण आय बारीक आणि डी रुंद. एन मध्यावर घेतलं तर डावीकडे ४९ मिलिमीटर आणि उजवीकडे ८७ जातात, आणि डी कडेला जाऊन चिकटतो. मध्यरेषा एनच्या उजव्या उभ्या रेघेवरच, तिच्या बाहेरच्या कडेपासून ६ मिलिमीटर आत, आली पाहिजे. संगणकावर कापणार असाल तर तिन्ही अक्षरं एक गट करून मगच मध्यावर आणायला सांगा.

पत्र्यावर हाताने आखायचं असेल तर सुतारांची जुनी दोरीची युक्ती चालते. आडव्या रेषेवर दोन खिळे १९१ मिलिमीटर अंतरावर ठोका. गाठ मारल्यावर पूर्ण वेढा ४३१ मिलिमीटर भरेल असा न ताणणाऱ्या दोऱ्याचा फास दोन्ही खिळ्यांभोवती घाला. त्यात पेन्सिल अडकवून दोरा ताठ ठेवत फिरवा. बरोब्बर २४० बाय १४५ चा लंबगोल उतरतो. नायलॉनचा दोरा घेऊ नका, तो ताणतो आणि दोन टोकं जुळत नाहीत.

चिकटवण्याआधी जागा स्पिरिटने पुसा. पत्र्यावर साबणाच्या पाण्याचे चार थेंब मारा, म्हणजे स्टिकर सरकवून जागेवर आणता येतो. मग मधून कडेकडे रबरी पट्टीने पाणी आणि हवा काढत जा. एक दिवस गाडी धुऊ नका. डिकीचा फुगीर भाग टाळा. सपाट व्हिनाइल दोन दिशांनी वळलेल्या पत्र्यावर बसत नाही, कडेला सुरकुत्या पडतात आणि पहिल्याच पावसात तिथूनच उचलतं.

८. बुलेटवर एवढा मोठा लंबगोल बसायचा कुठं?

दुचाकीला सवलत आहे. अक्षरं तीन असली तरी लंबगोल १७५ बाय ११५ मिलिमीटरचा चालतो. अक्षरांची उंची मात्र ८० च लागते, आणि अडचण इथंच आहे. या लहान लंबगोलात अक्षरांच्या वरच्या कोपऱ्यांपाशी रुंदी साधारण १२६ मिलिमीटर उरते. प्रश्न ७ मधली १३६ ची मांडणी तशीच उचलली तर कोपरे लंबगोलाबाहेर जातात. अक्षरं सडपातळ करा: आय १०, एन ४०, डी ४० आणि अंतरं ९. एकूण १०८, दोन्ही कडांना ९ मिलिमीटर पांढरं उरतं. रेघ १० पेक्षा बारीक करू नका. दोरीने आखायचा असेल तर खिळ्यांतलं अंतर १३२ आणि वेढा ३०७ मिलिमीटर.

९. लंबगोल लावायचा कुठं? काचेवर चालेल का?

गाडीच्या मागच्या बाजूला, उभ्या किंवा जवळपास उभ्या भागावर. नंबरप्लेटवर नाही, आणि अक्षरं नंबराचाच भाग वाटतील इतकं प्लेटला चिकटूनही नाही. पुढे लावायची गरज नसते.

काच टाळावी. आतून लावला तर फिल्ममुळे आणि काचेच्या झिलईमुळे वाचता येत नाही. बाहेरून लावला तर काढताना काचेच्या आतल्या तापतारांना धक्का लागत नाही, हे खरं. पण मागचं दिसायचं झाकलं जातं. चुंबकाचा लंबगोल सोयीचा वाटतो, पण प्लॅस्टिकच्या बंपरला, फायबरच्या डिकीला आणि ॲल्युमिनियमला तो धरत नाही. पत्र्याला धरला तरी खाली धूळ साचून रंगावर गोल ओरखडा उठतो. रोज संध्याकाळी काढून पुसणार असाल तरच तो घ्या.

मागे ट्रेलर जोडला असेल तर चिन्ह ट्रेलरच्या मागेही लावावं लागतं. ट्रेलर एकापेक्षा जास्त असतील तर शेवटच्याला.

१०. नव्या सुरक्षा नंबरप्लेटवर आयएनडी छापलेलंच आहे. मग वेगळा लंबगोल कशाला?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ही प्लेट कंपनीकडूनच येते, आणि आधीच्या गाड्यांना बसवून घेण्यासाठी कोल्हापुरात लोकांनी बरेच हेलपाटे घातले आहेत. त्यामुळे 'आयएनडी झालं की आता' असं वाटणं साहजिक आहे.

आपल्या गाडीची प्लेट जवळून पाहा. डाव्या वरच्या कोपऱ्यात २० बाय २० मिलिमीटरचा चक्राचा होलोग्राम. त्याच्या खाली बारीक निळ्या अक्षरांत आयएनडी. खालच्या डाव्या कोपऱ्यात लेझरने कोरलेला त्या प्लेटचा स्वतःचा क्रमांक. ही सगळी खूण प्लेट खरी आहे हे ओळखण्यासाठी आहे. नंबराच्या अक्षरांवर तिरपी उमटवलेली 'इंडिया' ही अक्षरंही त्याचसाठी. १९४९ च्या करारातल्या चिन्हाला ८० मिलिमीटरची काळी अक्षरं आणि पांढरा लंबगोल लागतो. प्लेटवरचं आयएनडी रंगाने निळं, मापाने कितीतरी लहान आणि लंबगोलाशिवाय. त्यामुळे ते कराराचं चिन्ह ठरत नाही. देशात फिरताना लंबगोलाची गरज नाही. कराराच्या देशात गाडी नेणार असाल तर लावा.

११. गाडी जर्मन बनावटीची आहे, तर 'डी' लावू का? आणि मालकाचा पासपोर्ट ब्रिटिश असेल तर?

दोन्ही नाही. एमएच-०९ नंबर आहे म्हणजे गाडी भारतात नोंदलेली, म्हणून चिन्ह आयएनडी. शाही दसऱ्याला दसरा चौकात येणारी मेबॅक बनावटीने जर्मन आहे, म्हणून तिला डी लागत नाही. उलट चाकणला बनलेली गाडी निर्यात होऊन दक्षिण आफ्रिकेत नोंदली गेली, तर तिचं चिन्ह झेडए. परदेशात हौसेने लावलेलं चुकीचं चिन्ह दंडाला कारण ठरू शकतं, आणि अपघातानंतर विम्याचे कागद जुळवताना त्याचा ताप निराळाच.

१२. जीबी बंद झालं असं ऐकलं. लंडनला असलेल्या भावाची गाडी आता कशी ओळखायची?

२८ सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनचं चिन्ह यूके आहे. १९०९ पासूनचं जीबी शंभरहून जास्त वर्षं चाललं. आता जीबीचा स्टिकर ब्रिटनबाहेर ग्राह्य नाही. काढून टाकावा किंवा झाकावा. प्लेटवरच यूके छापलेलं असेल तर बहुतेक युरोपीय देशांत वेगळा स्टिकर लागत नाही. स्पेन, सायप्रस आणि माल्टा या तीन देशांत मात्र प्लेटवर काहीही असलं तरी यूकेचा स्टिकर लावावाच लागतो. भावाला हे निघण्यापूर्वी सांगा. जिब्राल्टरच्या गाड्या जीबीझेड लावतात, आणि ते वेगळं का याचं कारण प्रश्न १७ मध्ये आहे.

१३. युरोपातल्या गाड्यांवर लंबगोल फारसे दिसत नाहीत, निळी पट्टी दिसते. ती काय?

युरोपीय संघाचं ३ नोव्हेंबर १९९८ चं विनियमन आहे. त्याप्रमाणे नंबरप्लेटच्या डाव्या टोकाला निळी पट्टी, वर बारा पिवळे तारे आणि खाली देशाचं पांढरं अक्षर असेल, तर संघातल्या देशांनी ते देशचिन्ह म्हणून मान्य करायचं. पट्टी किमान ९८ मिलिमीटर उंच आणि ४० ते ५० रुंद. अक्षर किमान २० मिलिमीटर. २००६ पासून व्हिएन्ना करारातही चिन्ह प्लेटमध्येच सामावून घ्यायची सोय झाली. आपल्या प्लेटवरचं निळं आयएनडी या सोयीत बसत नाही.

१४. कोल्हापुरातून नेपाळला गाडीने जातोय. लंबगोल लागेल का?

सीमेवर तुम्हाला तो कुणी विचारणार नाही. तिथं महत्त्वाचा असतो भन्सार, म्हणजे नेपाळच्या जकातीची दिवसांवर आकारलेली पावती. आरसी, लायसन्स आणि विमा यांच्या मूळ प्रती हाताशी ठेवा. जितके दिवस राहणार त्यापेक्षा एखादा दिवस जास्त धरूनच भन्सार भरा, कारण घाटात दरड कोसळून अडकलात तर मुदत उलटून दंड बसतो. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं संमतिपत्र सोबत घ्या. भूतानचा परवाना वेगळा, तो तिथं पोचल्यावर काढतात.

१५. त्याहून लांब, अनेक देशांतून गाडी न्यायची आहे. लंबगोलाशिवाय काय काय?

लंबगोल हे यातलं सर्वांत स्वस्त काम. मोठं काम दोन कागदांचं.

पहिला, गाडी चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना. आरटीओत नमुना ४-ए, चालू लायसन्स, पासपोर्ट आणि शुल्क १००० रुपये. मुदत एक वर्ष. मूळ भारतीय लायसन्स सोबत ठेवावंच लागतं, हा परवाना एकटा चालत नाही. चीन तो मानत नाही. तिथं तात्पुरता स्थानिक परवाना काढतात.

दुसरा, कार्नेट. 'ही गाडी मी तुमच्या देशात विकणार नाही, परत नेणार' याची ही जकात खात्याला दिलेली हमी. त्यासाठी मोठी अनामत ठेवावी लागते. कार्नेटच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. खालचा देशात शिरताना फाडून घेतात, मधला बाहेर पडताना, आणि वरच्यावर दोन्ही वेळचे शिक्के बसून तो तुमच्यापाशी राहतो. बाहेर पडताना शिक्का राहिला तर त्या देशाच्या लेखी गाडी तिथंच आहे, आणि पूर्ण आयात जकातीची मागणी मागे येते. रांग कितीही मोठी असो, दोन्ही शिक्के डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाका सोडू नका. कार्नेटवरचा नंबर, आरसीवरचा नंबर आणि मागच्या लंबगोलातला देश हे तिन्ही जुळले पाहिजेत.

१६. परदेशी नंबरची गाडी पन्हाळ्यावर दिसली. तिला आपल्याकडे चालवता येते का?

येते. २०२२ मध्ये केंद्राने भारतात येणाऱ्या परदेशी खासगी गाड्यांसाठी नियम केले. चालू नोंदणीपत्र, लायसन्स किंवा आंतरराष्ट्रीय परवाना, विमा, आणि मूळ देशात लागू असेल तर प्रदूषण प्रमाणपत्र, हे सगळं गाडीत हवं. कागद इंग्रजीत नसतील तर अधिकृत इंग्रजी भाषांतर हवं. अशा गाडीतून इथले प्रवासी किंवा माल वाहता येत नाही. हॉटेल आणि होमस्टेवाल्यांनी हे शेवटचं वाक्य पाहुण्यांना आवर्जून सांगावं.

१७. हाँगकाँग, जर्सी यांना स्वतंत्र देश नसूनही वेगळं चिन्ह कसं?

करारातली शब्दयोजना नीट वाचली की उलगडतं. चिन्ह राष्ट्राचं असू शकतं, किंवा नोंदणीच्या दृष्टीने स्वतंत्र घटक असलेल्या प्रदेशाचंही. जिथं गाड्यांची नोंदवही वेगळी, तिथं चिन्ह वेगळं असू शकतं. म्हणून हाँगकाँगचं एचके, जर्सीचं जीबीजे, आइल ऑफ मॅनचं जीबीएम. एमएच आणि केए मात्र एकाच देशाच्या नोंदणीचे भाग आहेत. त्यांना हा नियम लागत नाही.

१८. बीएच, व्हीए, सीडी हीसुद्धा देशचिन्हंच का?

नाहीत. बीएच ही २०२१ पासूनची भारत मालिका, राज्य बदलणाऱ्या नोकरदारांसाठी. तो नंबरचाच भाग आहे, म्हणून बीएचच्या गाडीलाही परदेशात आयएनडी लंबगोल लागतो. आणि योगायोग असा की देशचिन्ह म्हणून बीएच पूर्वी ब्रिटिश होंडुरास, म्हणजे आजच्या बेलीझचं होतं. व्हीए ही आपल्या विंटेज गाड्यांची मालिका (प्रश्न २१). सीडी हे वकिलातीच्या गाड्यांवर असतं. फ्रेंच 'कोर डिप्लोमातिक'ची ती आद्याक्षरं. आपल्याकडे अशा प्लेटवर सीडीच्या आधीचा आकडा देश सांगतो.

१९. पासपोर्टवरही आयएनडी असतं. मग हे दोन्ही कोड एकच का?

आपल्याबाबतीत जुळलेत, एवढंच. पासपोर्टचे आणि इंटरनेटचे कोड १९७४ पासूनच्या वेगळ्या आंतरराष्ट्रीय प्रमाणावरून आले, गाड्यांची चिन्हं त्याहून कितीतरी जुनी. स्पेन गाडीवर ई आणि पासपोर्टवर ईएसपी. जर्मनी गमतीचा अपवाद आहे: त्यांच्या पासपोर्टच्या यंत्रवाचनीय ओळींतही गाडीवरचंच एकटं डी येतं. भारतीय विमानांच्या नोंदणीतल्या 'व्हीटी' या अक्षरांचा उगम तर तिसरीकडेच, रेडिओच्या संकेतांत आहे.

२०. देशच बदलला किंवा फुटला तर चिन्हाचं काय होतं?

नवं कळवावं लागतं आणि जुन्या स्टिकरांची मुदत संपते. सोव्हिएत संघाचं एसयू गेलं आणि १९९२ मध्ये रशियाचं आरयूएस आलं. पूर्व जर्मनीच्या गाड्या १९७४ पर्यंत पश्चिमेसारखंच डी लावत होत्या, मग डीडीआर लावू लागल्या आणि १९९० मध्ये पुन्हा डी. दोन सरकारं भांडत होती, पण पंचवीस वर्षं त्यांच्या गाड्यांवर अक्षर एकच होतं. युगोस्लाव्हियाने आधी एसएचएस लावलं, १९२९ पासून वाय आणि १९५३ पासून वाययू. आज त्याच मुलखात पाचाहून जास्त चिन्हं आहेत. देश न फुटताही बदल होतो: फिनलंडने एसएफ सोडून १९९३ मध्ये एफआयएन घेतलं, आणि मॅसिडोनियाचं नाव २०१९ मध्ये उत्तर मॅसिडोनिया झालं तेव्हा एमकेचं एनएमके.

२१. आजोबांची जुनी गाडी पूर्ववत करतोय. मागे बीआयचा लंबगोल शोभेल का?

आधी पाहा की गाडी १९४७ पूर्वी परदेशी गेली होती का. रोजच्या वापरातल्या गाडीला तेव्हाही लंबगोल लागत नव्हता. जुने फोटो, जहाजाच्या पावत्या, डिकीच्या पत्र्यावरची भोकं, यांत पुरावा मिळतो. मिळाला तर मापं त्या काळची घ्या: ३०० बाय १८० मिलिमीटर, अक्षरं १०० उंच, रेघ १५ जाड. हल्लीचा २४० चा लंबगोल १९३० च्या गाडीवर जाणकाराला लगेच खटकतो. रेडियमही नको. पत्र्यावर पांढरा रंग आणि ब्रशने काळी अक्षरं, असंच तेव्हा होतं.

बीआय प्रदर्शनात चालेल, रस्त्यावर परदेशात चालणार नाही. तिथं आयएनडीच. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विंटेज नोंदणी २०२१ पासून वेगळी होते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं.

२२. पोरांना गाडीवर 'केओपी'चा लंबगोल लावायचाय. बेकायदा आहे का?

केओपी हा कोल्हापूर स्टेशनचा रेल्वे कोड, आणि त्याचा अभिमान समजण्यासारखा आहे. नंबरप्लेट आणि तिच्या आसपासची जागा मोकळी ठेवून डिकीवर शोभेचा स्टिकर म्हणून लावला तर देशात तो फक्त स्टिकर आहे. प्लेटवर लावला तर मात्र दंड ठरलेला. प्लेटवर नंबराखेरीज काहीही चालत नाही, नाव नाही, फोटो नाही. आणि गाडी देशाबाहेर निघाली की केओपी उतरवा. पांढऱ्या लंबगोलातली काळी अक्षरं परदेशी पोलीस देश म्हणूनच वाचतो, आणि केओपी नावाचा देश त्याच्या यादीत नाही. हेअर ड्रायरने एक-दोन मिनिटं गरम केला की स्टिकर सावकाश सोलला जातो. उरलेला चिकटा रॉकेलच्या बोळ्याने निघतो; मग ती जागा साबणाने धुवा, नाहीतर त्यावर नवा आयएनडी धरणार नाही.